मंत्र्यांचं 'प्रश्न उद्भवत नाही' आणि आमची केळी

तापीकाठचा (धागाकर्ता)

रामराम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

परवा संध्याकाळी आमच्या केळी गटाची बैठक होती. यावल-रावेर पट्ट्यातले वीसेक जण पॅकहाऊसच्या ओट्यावर, मागे तेरा किलोच्या रिकाम्या खोक्यांची थप्पी. विषय नेहमीचाच. आखातात जाणारा माल मधेच अडतो, पैसे उशिरा येतात, इराणचं गिऱ्हाईक कधी आहे तर कधी नाही. कुणीतरी म्हणालं, खासदारांकडून लोकसभेत प्रश्नच टाकू, मंत्र्याला उत्तर द्यावंच लागेल. सगळ्यांना पटलं. मी शाळेत निबंधाला बक्षीस मिळवायचो म्हणून लेखणी माझ्याकडे आली. मी लिहिलं:

(अ) इराणला होणारी केळीची निर्यात बंद झाली आहे, हे खरे आहे काय;
(ब) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, आणि
(क) याबाबत सरकारने कोणती उपाययोजना केली आहे?

वाचून दाखवलं तर टाळ्या पडल्या. कोपऱ्यात आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझ्या मित्राचे चुलते. मंत्रालयातल्या एका विभागातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आता इकडे दोन एकर बाग सांभाळतात. त्यांनी खोक्याचा एक पुठ्ठा ओढला, खिशातली पेन्सिल काढली आणि दोन ओळी खरडल्या:

(अ) नाही.
(ब) व (क) प्रश्न उद्भवत नाही.

"घ्या तुमचं उत्तर," म्हणाले. "अधिवेशनाची वाट कशाला बघता?"

मी चिडलो. आप्पा, माल पडून आहे आणि तुम्हाला थट्टा सुचते? तर म्हणाले, "पडून आहे, कबूल. पण बंद झालाय का? महिन्यात एक कंटेनर जरी इराणच्या बंदर अब्बासला उतरला तरी मंत्री छातीठोकपणे 'नाही' म्हणेल, आणि ते खरंच असेल. तू 'बंद' लिहिलंस तिथेच हरलास."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. संसदेतली प्रश्नोत्तरं आपण टीव्हीवर कुस्तीसारखी बघतो, कोणी कोणाला चीत केलं एवढंच. पण खरी झटापट प्रश्नाच्या कागदावरच होते की काय? तुमचे अनुभव सांगा. पक्षाची भांडणं नकोत, प्रश्न कसे विचारतात आणि मंत्री उत्तर कसं देतात (किंवा देत नाहीत) एवढंच बोलू.

शेवभाजी_जिंदाबाद

आते प्रश्न इचारानं बी शिकनं पडी का भो?

सगळं टीव्हीपुरतं असतं. अकराला घोषणा, सव्वाअकराला तहकूब. कुठला मंत्री आणि कुठलं उत्तर. बाकी चालू द्या.

गिरणाकाठची_बाई

शेवभाजी, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी नागरिकशास्त्र शिकवते म्हणून थोडी मास्तरकी सहन करा.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पहिले दोन मूळ विचारणाऱ्याचे, पुढचे अध्यक्ष देतील त्यांचे. याशिवाय २३० अतारांकित, त्यांचं उत्तर फक्त लेखी. प्रश्न तोंडी उत्तरासाठी हवा असेल तर त्यावर तारा मारायचा, म्हणून तारांकित. तासाभरात पाच-सहा तारांकितच तोंडी होतात. पण सभागृह तहकूब झालं म्हणून बाकीची उत्तरं वाया जात नाहीत, ती लेखी उत्तरं म्हणून पटलावर येतात आणि संकेतस्थळावर चढतात. गोंधळ झाला तरी कागद उरतोच. आपण टीव्ही बंद करतो आणि कागद वाचत नाही, हे दुखणं आपलं.

प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. निदान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत एका खासदाराच्या नावावर जास्तीत जास्त पाच प्रश्न, त्यातला तारांकित एकच, तोसुद्धा चिठ्ठीत नंबर लागला तर. म्हणजे तापीकाठ, तुमची केळी आधी लॉटरीत निघाली पाहिजे!

दोन्ही सभागृहांत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास.

चाळीसगाव_पॅसेंजर

बाई, एक दुरुस्ती. राज्यसभेचा प्रश्नोत्तराचा तास २०१४ पासून दुपारी बाराला. अकराचा फक्त लोकसभेचा.

गिरणाकाठची_बाई

मान्य. जुनी वही, जुनं वेळापत्रक. धन्यवाद.

भुसावळ_जंक्शन

'प्रश्न उद्भवत नाही' वाचलं आणि २०२० आठवलं. हे मी कुणाला चिमटा काढायला लिहीत नाही, पण आमच्या गावाचं नाव त्या सगळ्यात अडकलंय म्हणून लिहितो.

८ मे २०२० ची पहाट. जालन्याहून पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते आणि मालगाडीखाली १६ जण गेले. निघाले होते भुसावळकडे. इथून श्रमिक गाडी मिळेल, मध्य प्रदेशात घरी जाऊ, या आशेवर. मी रेल्वेतच होतो तेव्हा. त्या दिवशी स्टेशनवर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता, पण कोणी तो दुसऱ्याला दाखवत नव्हतं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अधिवेशन झालं. कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली का, असा प्रश्न लोकसभेत आला. कामगार मंत्रालयाचं उत्तर: अशी आकडेवारी ठेवली जात नाही. भरपाईचं काय? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही.

आता पुढे बघा. त्याच अधिवेशनात, त्याच आठवड्यात, राज्यसभेत दुसरा प्रश्न आला, रेल्वेमंत्र्यांना. श्रमिक विशेष गाड्यांमध्ये प्रवासात किती मृत्यू झाले? उत्तर आलं: ९ सप्टेंबरपर्यंत ९७.

दुःख एकच, मंत्रालयं दोन. पहिल्या प्रश्नात 'स्थलांतरित मजूर' होते, त्यांची नोंद कोणाच्याच वहीत नव्हती. दुसऱ्यात 'गाडी' होती. गाडीत माणूस मेला की रेल्वे पोलिसांना पंचनामा करावा लागतो, म्हणजे कागद होतो. विचारणाऱ्याने जिथे कागद आहे तिथे हात घातला. करमाडचे १६ मात्र त्या ९७ मध्ये नसणार, ते गाडीत कुठे होते?

तापीकाठचा

जंक्शन भाऊ, हे वाचून काय लिहावं कळत नाही. दोन्ही बातम्या तेव्हा वाचल्या होत्या, पण एकमेकींशेजारी ठेवून कधी बघितल्या नाहीत.

सातपुड्याची_लेक

आमच्या नंदुरबारकडे उत्तराची दुसरी तऱ्हा ऐकू येते: 'आरोग्य हा राज्याचा विषय आहे.' दिल्लीत विचारलं की राज्याचा विषय, मुंबईत विचारलं की केंद्र पुरस्कृत योजना, निधी प्राप्त झाल्यावर कार्यवाही. मधे तोरणमाळचा घाट.

सिकलसेलचं घ्या, रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या पाड्यांवर घराघरांत लाल-पिवळी कार्डं. राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ ला, शहडोलहून, उद्दिष्ट २०४७ पर्यंत निर्मूलनाचं. आता 'सिकलसेलसाठी सरकार काय करत आहे?' असं विचारलं तर मोहिमेची पूर्ण माहितीपुस्तिका उत्तरात चिकटवून येते, दोन पानं. वाचून पोट भरतं, हाती काही लागत नाही. 'नंदुरबार जिल्ह्यात तपासणी किती, बाधित किती, त्यांपैकी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळणारे किती' असं विचारलं की उत्तर अर्ध्या पानाचं होतं, पण त्यात आकडा असतो. मी दवाखान्यात काम करते, आकडा वरून मागितला की खाली काय पळापळ होते ते डोळ्यांनी बघितलंय. नुसत्या त्या पळापळीनेही दोन महिने गोळ्या वेळेवर येतात!

आणि टेंभली आठवते ना? देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या शहादा तालुक्यात दिलं. पंतप्रधान आले होते. त्यानंतर आधारवर संसदेत किती प्रश्न झाले असतील, पण टेंभलीच्या लोकांना त्याचं पुढे काय मिळालं हे विचारायला कोणाला सुचलं का, कोण जाणे.

शारजावाला_भो

मूळचा चोपड्याचा, चौदा वर्षं शारजात फळांच्या धंद्यात. तापीकाठ, तुमच्या प्रश्नात दुसरीही गडबड आहे. तुम्ही विचारताय कोणाला?

निर्यातवाढीचं काम अपेडा बघते, ती वाणिज्य मंत्रालयाखाली. रोग-किडीचं प्रमाणपत्र कृषी मंत्रालयाकडचं. पैसे अडकले तर अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक. आणि पैसे *का* अडकले, तर ते परराष्ट्र धोरण. इराणशी आपला व्यवहार बरीच वर्षं युको बँकेतल्या रुपयांच्या खात्यातून चालायचा. आपण तेल घ्यायचो, त्याचे रुपये तिथे जमा, त्यातून आपल्या चहा-तांदळाचे पैसे सुटायचे. मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपली, आपण इराणचं तेल घेणं थांबवलं, खात्यात नवीन रुपये पडेनात. तेलाची टाकी बंद झाली आणि केळीवाल्याच्या खिशापर्यंत कोरड आली. यात २०२५ च्या जूनमधलं इस्रायल-इराणचं बारा दिवसांचं युद्ध धरलेलंच नाही. तेव्हा तर इथे रोज सकाळी पहिला फोन 'जहाज निघालं का' हाच.

आता लोकसभेत हल्ली वाणिज्य मंत्रालयाचा वार मंगळवार, परराष्ट्रचा शुक्रवार. एकाच घडाच्या फण्या दोन वारी विकायच्या! एकाच प्रश्नात दोन्ही मंत्रालयं घातलीत तर प्रश्न इकडून तिकडे ढकलला जाणार, नाहीतर तुमच्या कामाचा भाग गळून पडणार.

धुळे_पांझरा

परराष्ट्राचा विषय निघालाच आहे तर. नियमच आहे, मित्रराष्ट्राबद्दल अनादराने बोलणारा प्रश्न स्वीकारत नाहीत. मंत्रिमंडळातली चर्चा विचारता येत नाही, न्यायप्रविष्ट बाब विचारता येत नाही. मग परराष्ट्रमंत्र्यांचं उत्तर 'सरकार घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे' याच्या पुढे फारसं जात नाही. मला पूर्वी राग यायचा.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर आमच्या धुळे तालुक्यातला एक जवान नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. त्याच सुमारास लक्ष्यभेदी कारवाई (सर्जिकल स्ट्राइक) झालेली, वातावरण तापलेलं. संरक्षण राज्यमंत्री कोण? आपलेच धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे. गल्लीत रोज एकच चर्चा, आपला माणूस मंत्री असून बोलत का नाही. जवान २१ जानेवारी २०१७ ला वाघा सीमेवरून परत आला. तेव्हा मला पटलं की चार महिने रोज सभागृहात उत्तर मागून काही झालं नसतं, उलट बिघडलं असतं. काही उत्तरं मोघम असण्यात शहाणपण असतं.

पण ही सवलत परराष्ट्र-संरक्षणाच्या अशा नाजूक बाबीपुरती. कांद्याची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली, ४ मे २०२४ ला उठली. तिथे कसलं आलंय राष्ट्रहिताचं गुपित? तिथेही तोच मोघमपणा चालतो, त्याला माझा आक्षेप आहे.

शेवभाजी_जिंदाबाद

पांझरा भाऊ, मोघमपणाची सवय एकदा लागली की नाजूक काय आणि कांदा काय, सारखंच वाटतं.

बरं, माझा पण एक. मना बाप कापूस पिकाडस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे बरोबर आपली वेचणी. हमीभाव लांब धाग्याला ८११० जाहीर, गावात व्यापारी किती देत होता ते विचारू नका. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के लावले. शुल्क काढलं अर्थ मंत्रालयाने, खरेदी करणारं महामंडळ वस्त्रोद्योगाकडे, हमीभाव कृषीकडे, अमेरिकेशी बोलणी वाणिज्यकडे. आता शारजावाल्याच्या हिशोबाने मी चार वार उपाशी बसू?

चाळीसगाव_पॅसेंजर

शेवभाजी, नाटक म्हणता म्हणता तुम्हीच सगळ्यात चांगला प्रश्न आणलात :)

अर्थ मंत्रालयाला एवढंच विचारा: शुल्क काढा अशी निवेदनं कोणकोणत्या संघटनांनी, कोणत्या तारखेला दिली, आणि काढू नका अशी कोणी दिली? दोन याद्या शेजारी आल्या की बाकीचं वाचणारा समजून घेतो.

एरंडोलचा_पाहुणा

सगळे प्रश्न विचारण्याचं महत्त्व सांगताय तर कडू गोळीही घ्या. २००५ च्या डिसेंबरमध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. ११ जणांची हकालपट्टी झाली, १० लोकसभेचे, १ राज्यसभेचे. त्या दहांत दोन मतदारसंघ आपले, जळगाव आणि एरंडोल. एका जिल्ह्याचे दोन! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये हकालपट्टी कायम ठेवली.

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. वसतिगृहात 'जळगाव का? भाव काय चाललाय प्रश्नाचा?' असं महिनाभर ऐकलं. पण आज विचार केला की वाटतं, ज्याला पैसे देऊन विकत घ्यावंसं कोणाला तरी वाटतं, ती वस्तू फुकटची नक्कीच नाही. आपण मात्र ती हक्काची असून मागत नाही.

गिरणाकाठची_बाई

पाहुणे, नेमकं बोललात. उलट बाजूही सांगते. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंध्रा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याबद्दल लोकसभेत साधा प्रश्न आला. आधी गोलमाल उत्तर मिळालं. फिरोज गांधींनी, तेही सत्ताधारी बाकावरून, लावून धरलं. न्यायमूर्ती छागलांचा आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. मंत्री पडला, त्याची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून झाली.

आणि परराष्ट्र धोरण आपल्याला परकं, असं कोणी समजू नये. १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला, शेताडीत मांडव घालून काँग्रेसचं अधिवेशन भरलं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाचा ठराव तिथेच झाला आणि त्याच मांडवात नेहरू स्पेनच्या यादवीबद्दल बोलले. ज्वारीची भाकरी खाऊन स्पेन ऐकणारी माणसं आपली!

कळण्याची_भाकर

बाई, डिसेंबरात फैजपूरला अधिवेशन म्हणजे भरीत झालंच असेल. वांगी बामणोदची असणार. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

तापीकाठचा

आप्पांना धागा वाचून दाखवला. ते टंकत नाहीत, म्हणून ते बोलले तसं खाली उतरवतोय.

आप्पा (तापीकाठच्या हातून)

मी दिल्लीत नव्हतो, मुंबई-नागपूरला होतो, पण कणीक तीच. आमच्याकडे विधानसभेच्या प्रश्नाला सगळे एलएक्यू म्हणायचे. अधिवेशन लागलं की फाइलीवर लाल पताका, 'एलएक्यू, तात्काळ'. प्रश्न आला की आम्ही आधी उत्तर शोधत नव्हतो. आधी प्रश्नातली चूक शोधायचो. गावाचं नाव चुकलं? तारीख चुकली? 'सर्व शेतकरी' लिहिलंय? मग एकाला जरी पैसे मिळाले असतील तरी 'हे खरे नाही'. थोडं खरं असलं तर 'हे अंशतः खरे आहे', हा आमचा सगळ्यात लाडका शब्द. लबाडी म्हणा हवं तर. पण मंत्री सभागृहात चुकीचं बोलला तर हक्कभंग येतो आणि मान आमची जाते, त्यामुळे जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, हाताखालच्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

खरी भीती पुरवणी प्रश्नांची. त्यासाठी 'पूरक टिपणी' करायची, उत्तराच्या चौपट. मंत्र्याला काहीही विचारलं तरी कागद हाताशी हवा. नागपूरच्या थंडीत रात्री दोनला जिल्ह्याला फोन लावून आकडा मागितलाय मी. समोरचा तहसीलदार झोपेत 'होय साहेब' म्हणायचा आणि सकाळी वेगळाच आकडा पाठवायचा. एकदा तसा चुकीचा आकडा मंत्र्यांनी वाचला. दुरुस्तीचं निवेदन होईपर्यंत दोन दिवस मला घास उतरला नाही.

अजून एक. मंत्री 'तपासून घेऊ', 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करत आहोत' म्हणाला की तुम्ही म्हणता टाळलं. पण ते आश्वासन धरलं जातं. आश्वासन समिती असते, लोकसभेची तर १९५३ पासून आहे, तीन महिन्यांत पूर्तता मागते. म्हणून तयार मंत्री तसं बोलतच नाही. तो म्हणतो, 'असा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही.' ज्या दिवशी मंत्र्याच्या तोंडून 'बघतो' निघेल त्या दिवशी कागद जपून ठेवा.

शारजावाला_भो

आप्पांना साष्टांग. निवृत्त झाले ते आमचं नशीब, नाहीतर समोरच्या बाजूला असते.

तापीकाठचा

काल रात्री पुन्हा बसलो. मसुदा दुसरा, वाणिज्य मंत्रालयासाठी, अतारांकित. ताऱ्याच्या लॉटरीत पडायचं नाही असं ठरलं.

(अ) गेल्या पाच वर्षांत देशातून इराण, इराक, ओमान व संयुक्त अरब अमिराती येथे निर्यात झालेल्या केळीचे वर्षनिहाय व देशनिहाय प्रमाण आणि मूल्य किती;
(ब) सदर निर्यातीची देयके विलंबाने मिळत असल्याबाबत सरकारला याच कालावधीत प्राप्त झालेल्या निवेदनांची संख्या किती, व प्रत्येक निवेदनावर कोणत्या दिनांकास काय कार्यवाही केली, आणि
(क) कार्यवाही प्रलंबित असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

'हे खरे आहे काय' पूर्ण काढून टाकलं. 'बंद' काढलं. इराण एकटा ठेवला नाही, म्हणजे घट कुठे झाली आणि वाढ कुठे, ते आपोआप दिसेल. परराष्ट्रसाठी वेगळा प्रश्न शारजावाला लिहून देणार आहे.

चाळीसगाव_पॅसेंजर

(अ) झकास. मंत्र्याला 'नाही' म्हणायला जागाच नाही.

आप्पा (तापीकाठच्या हातून)

(ब) बरा आहे. पण मला सांगा, निवेदन दिलंय का कोणी? तुमच्या गटाने दिलंय?

तापीकाठचा

...नाही दिलं, आप्पा.

आप्पा (तापीकाठच्या हातून)

मग उत्तर येईल 'शून्य', आणि (क) ला 'प्रश्न उद्भवत नाही'. आधी निवेदन टाका. अपेडाला एक, मंत्रालयाला एक. आवक क्रमांकाची पोच घ्या. मग खासदारांकडे जा.

तापीकाठचा

गटातल्या सगळ्यांना: उद्या सकाळी दहाला पॅकहाऊसवर. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी कंटेनर नंबर आणि बिलाची झेरॉक्स आणा. गटाचा शिक्का कोणाकडे आहे? गेल्या वर्षी विम्याच्या अर्जाला वापरला, तेव्हापासून दिसला नाही.